ब्रेकला कायमचा उपास

घरात जुनी गाडी असली की किस्से गोळा करावे लागत नाहीत. गाडीखालच्या तेलाच्या डागासारखे ते आपसूक साठतात, आणि पुसले तरी दुसऱ्या दिवशी नवे!

आमची गाडी विलायती. दोनच माणसांची, टप उघडणारी, आमच्या लग्नाहून जुनी. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला ह्यांनी ती हौसेनं घेतली, तेव्हा आम्ही चिंचवडला राहत होतो. हे कंपनीत टूलरूमला. एरवी दोन शब्दांत जेवण उरकणारे हे रविवारी गाडीखाली शिरले की चक्क गुणगुणत. म्हणून ती गाडी राहावी असं मलाही मनापासून वाटे.

पण एका सकाळी अंगणात शिरलेली गाडी तुळशीवृंदावनाला टेकूनच थांबली. सासरे पूजा सोडून बाहेर आले.

"दिवाळीच्या आत मला बसवून खंडाळ्याचा घाट उतरून दाखव. ब्रेक लागले तर गाडी राहील. नाहीतर भंगारात!"

मामंजींचा शब्द म्हणजे शब्द. मी त्याच दिवशी सोळा सोमवार धरले.

* * *

ह्या गाडीच्या पुढच्या चाकांत लोखंडी तबकडी असते. तिला दोन्ही बाजूंनी चिमटतात ते ब्रेकचे पॅड. जुने पॅड पार झिजले होते. ह्यांनी मुंबईच्या ओळखीतून शर्यतीच्या गाडीचे कडक पॅड आणवले.

पहिल्याच सकाळी गाडी आमच्या फाटकावरून सरळ पुढे गेली आणि शेजारच्यांच्या फाटकाशी थांबली!

"हे पॅड तापल्याशिवाय धरत नाहीत," ह्यांनी समजावून सांगितलं.

मामंजी म्हणाले, "तापल्याशिवाय काम न करणारी माणसं जन्मभर पाहिली. ब्रेक आजच पाहिला!"

* * *

मग आले मऊ पॅड. ते धरायचे झकास, पण किंचाळायचे! नाक्यावर किंकाळी ऐकली की मी चहाचं आधण ठेवायची. शेजारच्या काकू भिंतीवरून हाक मारत, "अगं, आले गं तुझे हे!"

एका रविवारी देहूरोडच्या उतारावर हेच मऊ पॅड इतके तापले की चाकातून धूर निघाला. रस्त्यावरच्या एकानं लांबून हात जोडले. त्याला वाटलं, आम्ही धूप घालत चाललोय!

घाटात हे पॅड टिकणार नाहीत, एवढं मलाही कळलं.

* * *

इथे आले इस्माईलभाई. पिंपरीत त्यांचं गॅरेज. ह्यांचे जुने दोस्त, मला भाभी म्हणत. ते म्हणाले, "फार कडक नको, फार मऊ नको. मधलं मटेरियल घेऊ." भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये जुन्या पॅडच्या पत्र्यांवर त्यांनी तसं मटेरियल चिकटवून घेतलं. चारही पॅड आमच्याकडे आले, तो नेमका खंडेनवमीचा दिवस!

घरातली सगळी हत्यारं पूजेला मांडली होती. पॅड तरी मागे का ठेवायचे? मी त्यांना पाटावर घेतलं आणि दूध, दही, तूप, मध, साखर असा यथासांग अभिषेक केला.

इस्माईलभाई आले, पाहिलं, आणि मटकन खालीच बसले.

"भाभी, तूप पोळीला! ब्रेकला कायमचा उपास!"

"निर्जळी?"

"एकदम निर्जळी!"

तूप मुरलेले ते चारही पॅड गेले. इस्माईलभाईंनी दुसरे करवून आणले. उपासाचं आधी सांगितलं असतं तर मी चुकलेच नसते!

* * *

नवे पॅड बसवले की गाडी वेगात न्यायची, जोरात ब्रेक दाबायचा, पुन्हा वेग घ्यायचा, असं दहा-बारा वेळा करावं लागतं. त्याशिवाय ते तबकडीला नीट लागत नाहीत. आम्ही दोघं चऱ्होलीच्या बाजूला मोकळा रस्ता गाठून फेऱ्या मारू लागलो.

मेथीची पाटी घेतलेले एक म्हातारबाबा तिथं चालत होते. गाडी हळू झाली की ते पाटी सावरून लगबगीनं पुढे यायचे, आणि आम्ही भुर्रकन पुढे! असं चार वेळा झालं. पाचव्यांदा त्यांनी पाटी रस्त्याच्या मधोमध ठेवली आणि शेजारी मांडी घातली.

"न्यायचं न्हाई तर थांबता कशापायी? आता जावा माझ्यावरनं!"

गाडी पाटीच्या हातभर अलीकडे गपकन थांबली. मी रामाचा धावा करतेय आणि हे उडी मारून त्या बाबांना मिठी घालतायत, "हातभर! बाबा, हातभर अलीकडे!"

बाबा मला म्हणाले, "पोरी, मालक बरं हायती न्हवं?"

* * *

शेवटी वसुबारसेच्या आदल्या दिवशी घाट. मामंजी कोट, टोपी, उपरणं अशा थाटात ह्यांच्या शेजारी बसले. मागून इस्माईलभाईंची जीप, तीत मी. घाट उतरेपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, असं मी ठरवलं होतं.

वळणामागून वळण गेलं. पुढच्या गाडीतली ती काळी टोपी जरासुद्धा हलत नव्हती. इस्माईलभाई म्हणाले, "भाभी, धूर नाही, आवाज नाही." ओठांतल्या ओठांत त्यांचंही काहीतरी चाललंच होतं.

खोपोलीला गाडी थांबली. मामंजी उतरले. उपरणं झटकलं, चाकाकडे वाकून पाहिलं, मग ह्यांच्याकडे. हे शाळकरी मुलासारखे उभे.

"फिरव गाडी," मामंजी म्हणाले. "परत वर चल."

"वर? काही चुकलं का, दादा?" ह्यांनी विचारलं.

"काही चुकलं नाही. अजून एकदा उतरू." त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली. "या खेपेला डोळे उघडे ठेवतो."