खोली भाड्याने देणे आहे

आसनगावात घरामागे तीन खोल्या बांधल्या तेव्हा वाटलं, महिन्याला भाडं येईल, विषय संपला. भाडं येतंच, पण त्याच्यासोबत किस्सेही येतात आणि त्यांना बंद करायचा नळ नसतो! शहापूरचे आमचे ओळखीचे बबनकाका आणि मुरबाडची माझी वहिनी, दोघंही खोल्या भाड्यानं देतात. आम्ही भेटलो की हेच चालतं.

*

माझा पहिला भाडेकरू येणार होता. मी प्रश्नांची यादी करून बसलो होतो. नोकरी कुठे, माणसं किती, वगैरे. त्यानं खुर्चीत बसायच्या आधीच सुरू केलं. "पाणी किती वाजता? मीटर वेगळा का? छत गळतं का?" मी घाम पुसत उत्तरं देतोय! शेवटी म्हणाला, "आधीच्या भाडेकरूचा नंबर द्या."

"आधीचा कोणी नाही. तुम्हीच पहिले."

"अच्छा, फ्रेशर!" तो उठला. "कळवतो."

*

नवा माणूस ठेवला की पोलिसांत माहिती द्यावी लागते. काकांनी फॉर्म आणून भाडेकरूच्या हातात दिला. 'ओळखणाऱ्या दोन व्यक्ती' या रकान्यात त्यानं एक नाव काकांचं लिहिलं, दुसरं काकूंचं.

काका उखडले, "अरे, आमी तुला ओळखत नाय, म्हनून तर हा फारम!"

*

वहिनीनं करारात ठळक लिहून घेतलं होतं, कुत्रा-मांजर पाळायचं नाही. कारखान्यात कामाला असलेला तिचा भाडेकरू म्हसाच्या गुरांच्या जत्रेतून चक्क शेळी घेऊन आला. वर म्हणतो, "वहिनी, कागदावर शेळी नाय लिवली."

शेळी गावाला गेली. पुढच्या करारात वहिनीनं लिहिलं, 'चार पायांचं काहीही चालणार नाही.'

त्यानं नीट वाचलं आणि विचारलं, "मग खाट कुठं ठेवू?"

*

सल्ला हवा असेल तर माझा एकच. खोली विकत घ्यायची तर भर पावसाळ्यात बघा. मी शहापुरात एक घेतली ती हिवाळ्यात. उन्हाळाभर तिथं पाण्याची बोंब. श्रावणात भाडेकरीण ताईंचा फोन आला, "दादा, पाणी आलंय!"

"अरे वा! फोर्स आहे का?"

"आहे ना. पंख्यातून येतंय."

*

काकांच्या मुलाचं लग्न ठरलं. घर लहान, म्हणून शेजारचीच आपली खोली रिकामी करून घ्यायची असं ठरलं. तिथं सहा वर्षं एक नर्सबाई एकट्याच राहतात. काका सांगायला गेले आणि गळका नळ बदलून आले. पुन्हा गेले, खिडकीला मच्छरजाळी बसवून आले.

काकू वैतागल्या. "तुमी रूम खाली करताय का सजवताय?"

मग काकू स्वतः गेल्या. तासाभरानं गुडघ्याला पट्टी बांधून, बरं वाटतंय म्हणत परत आल्या.

पत्रिका छापून आल्या. आता मात्र काका छाती काढून गेले. परत आले तेव्हा मी त्यांच्याच अंगणात बसलो होतो.

"सांगितलंत?"

"सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"लग्नाला येनार म्हनाल्या. चार दिवस रजा टाकलीय."

"आणि खोली?"

काका माझ्या शेजारी येऊन टेकले. मग काकू ऐकत नाहीत ना, हे पाहून हळूच म्हणाले, "तुझ्याकडं एखादी रूम खाली हाय का रे? पोराला भाड्यानं पायजे."