अळणी चतुर्थी

आर्वीला बसस्टँडमागे अनुसयाबाईंचं किराणा दुकान आहे. भल्याभल्यांना या बाईनं भर बाजारात गप्प केलेलं मी शेजारीण म्हणून पाहिलंय. पण नात रक्षाचा रक्ताचा रिपोर्ट यायचा असला, की दुकान उघडायचंही त्यांना सुचत नाही.

पहिला नातू चौदाव्या दिवशी उलट्या होऊन गेला. नजर लागली, म्हणाले लोक. लोकांचं काय जातं? मग रक्षा झाली. तिच्या टाचेतून रक्त घेतलं, तर १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन नावाचं द्रव्य भलतंच वाढलेलं. डॉक्टरांनी समजावलं: मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत यापासून पुढची द्रव्यं बनतात, अंगात मीठ धरून ठेवणारी, आजारात तगवणारी. हिच्यात ती बनत नाहीत, म्हणून हे साचतं. आईबाप दोघांकडून आलेला दोष. आता जन्मभर गोळ्या, आणि मीठ कमी पडू द्यायचं नाही.

"म्हणजे माह्या पोराकडूनबी आला," अनुसयाबाई म्हणाल्या. केळझरच्या गणपतीला बोलल्या, पोरगी जगू दे, दर चतुर्थीला अळणी खाईन. मला तो नवस कधीच पटला नाही, पण त्यांना सांगणार कोण!

रक्षा आता अकरा वर्षांची. गेल्या चतुर्थीला दुपारी अनुसयाबाईंची हाक आली. सून सपना शाळेत शिकवायला गेलेली. मी धावले. रक्षाला कालपासून कणकण होतीच. आता ओकून ओकून ती पांढरी पडली होती, हातपाय गार.

"गोळी घेतली का वं?" अनुसयाबाईंनी तिला विचारलं.

"उपास हाय ना आजी," ती पुटपुटली. "तुह्यासारखा. गोळीनं मोडला असता."

कपाटात गोळीच्याच औषधाचं, अडीअडचणीचं इंजेक्शन होतं. सपनानं ते द्यायला शिकवलं होतं, पण अनुसयाबाई दरवेळी तोंड फिरवायच्या. मी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. अनुसयाबाईंनीच औषध भरलं आणि मांडीत सुई टोचली. "मोरया, मोरया," एवढंच चाललं होतं. चौथ्या दिवशी पोरगी घरी आली.

पुढच्या चतुर्थीला मी गेले, तर दोन ताटं वाढलेली. दोन्हींत मिठाचं वरण.

"नवसाचं काय?" मी विचारलं.

"देवाले सांगतलं. कोपायचं त माह्यावर कोप."

रक्षानं गोळी गिळली. तोंड उघडायला लावून त्यांनी ते पाहिलं, आणि मगच स्वतःचा घास उचलला.