मानाची साडी

आमच्या शारजातल्या बायकांची म्होरकी मरियमबी चष्मा कपाळावर ढकलून सांगते, "अगो, ती हलिमा! भर दुपारी टॅक्सीवाल्यासोबत पळाली."

साफ खोटं. त्या टॅक्सीवाल्याशी हलिमाखालाचं नातं शारजापासून बर दुबईपर्यंत, बस्स. मांडीवर शिलाई मशीन, आणि मागे सोडलेल्या घरात नवरा शौकत, जो गावी जाऊन दुसरं लग्न करून आला होता. खालाने खुला, म्हणजे बायकोने मागायचा तलाक, मागितला, खलास. त्या लग्नाची बिर्याणी चापून आलेल्या बायकांनीच तिला वाळीत टाकलं. शौकतला एकाही दावतीतून वगळलेलं नाही. एकाही! येतो, मधोमध बसतो, नळ्या चोखतो.

वर त्या लग्नातली, पहिल्या बायकोच्या मानाची मोरपंखी साडी मरियमबीनेच खालाला आणून दिली. "मान म्हणून ठेव गो. आपल्यात चालतं असं." हा मधाळ आवाज मला हुबेहूब जमतो.

२००१च्या गॅदरिंगला आमच्या शाळेने इंग्रजी नाटक बसवलं, सव्वाशे वर्षांपूर्वीच्या न्यूयॉर्कच्या बड्या लोकांचं. मी त्यात खवट म्हातारी, आणि नायिका मरियमबीची नात अलिशा. झगे खालाकडे शिवायला आले.

"ह्या बाईने केलं काय?" नायिकेचं माप बघत खालाने विचारलं.

"नवऱ्याचं बाहेर लफडं, सगळ्या शहराला ठाऊक. हिने घटस्फोट घेतला, तर हिलाच कोणी बोलवेना."

"आणि नवऱ्याला?"

"तो पार्ट्यांत नाचतोय."

मशीन थांबलं. "म्हणजे तिकडेपण मरियमबी होत्या."

टीचरने नायिकेला राखाडी झगा सांगितला होता. खालाने त्यासाठी ती मोरपंखी साडी काढली आणि सरळ कात्री चालवली.

"शौकत मला फार आवडायचा गो," ती म्हणाली. "नसता आवडला तर राहिले असते."

मग म्हणाली, "नाटकाला मी येणार. मरियमबीच्या शेजारी बसणार."

पाच वर्षांत ती चार माणसांत गेली नव्हती. मी म्हटलं, "लाव पैज, नाही येणार तू."

"आले तर मरियमबीची नक्कल तिच्या तोंडावर करायची."

खाला आली. बायकांनी भराभर रिकाम्या खुर्च्यांवर पर्सा ठेवल्या. तिने मरियमबीची पर्स उचलली, तिच्याच मांडीवर ठेवली आणि बसली.

नाटक संपल्यावर मरियमबी नातीचा घेर चाचपत म्हणाली, "हा मोरपंखी जरीकाठ मी कुठंतरी पाहिलाय..."

खालाने माझ्याकडे पाहिलं. 

मी म्हातारीचा चष्मा कपाळावर ढकलला. "मान म्हणून ठेव गो. आपल्यात चालतं असं."