एका मशीनचे दोन वाटेकरी

आमच्या दूध संघात कॉम्प्युटर आला तेव्हा टँकरच्या पाण्यावरचा दुसरा उन्हाळा चालू होता. येरमाळ्याच्या पुढं हायवेलगत संघाचं ऑफिस. दूध निम्म्यावर आलेलं, आणि संचालक मंडळानं नेमकं तेव्हाच मशीन घेतलं. मी तिथं नवा लागलो होतो. आमच्या घरात पुस्तकं कमी, पत्रकं जास्त. वडील सभांची पत्रकं वाटायचे. उरलेल्यांच्या कोऱ्या पाठीवर मी अक्षरं गिरवली. छापलेला कागद ज्याच्या हातात जातो त्याला तो वाचता आला पाहिजे, एवढंच राजकारण मला तिथून मिळालं.

मशीनवर हिशेब चालायचा तो युनिक्स नावाच्या प्रणालीवर. त्यातून दुधाची पावती निघायची इंग्रजीत. आमच्या बौद्धवाड्यातल्या बाया ती उलटसुलट करून बघायच्या. दूध का परत केलं, फॅट कमी की दूध आंबट, हे दूध मापून घेणाऱ्या सचिवाच्या तोंडून ऐकायच्या. ज्यानं दूध नाकारलं त्यालाच कारण विचारायचं! मला ते सहन होईना. मराठी अक्षरं छापणारा प्रोग्राम मिळत होता, पण तो डॉस या दुसऱ्या प्रणालीवर चालणारा. मी चेअरमन साहेबांशी भांडलो. ते म्हणाले, “वार्षिक सभेत मराठी पावती काढून दाखवा. निघाली तर ठराव करू. न्हाय निघाली तर विषय संपला.”

डिस्कचा एक भाग मोकळा होता. त्यावर मी फ्लॉपीमागून फ्लॉपी घालत डॉस टाकलं. मशीन पुन्हा सुरू केलं तर समोर फक्त डॉस. हिशेब गायब. आमचे हिशेबनीस, ज्यांना सगळे अण्णा म्हणायचे, पाठीमागं उभे होते.

“काय पुढारी, संघ बुडवला का?”

मी वायरी काढून लावल्या. व्होल्टेज बघितलं. डॉस पुन्हा टाकलं. दुपार सरली तेव्हा कळलं की बिघाड कसलाच नव्हता. डिस्कचे भाग दोन असले तरी मशीन सुरू होताना एकाच भागाकडं जातं, ज्यावर चालू असल्याची खूण आहे त्याकडं. ती खूण डॉसवर गेली होती. ती परत युनिक्सवर केली आणि हिशेब जसाच्या तसा उभा राहिला. अण्णांनी कपाळ पुसलं.

“म्हंजे सामायिक विहीर हाय ही,” ते म्हणाले. “सकाळी माझी बारी, दुपारनं तुमची.”

तसंच ठरलं. ज्याची बारी त्याच्या बाजूला खूण करायची आणि मशीन पुन्हा सुरू करायचं. ते काम दोन्ही वेळा मीच करायचो, अण्णांच्या देखत. लाइट गेली की पहिल्यापासून. दुपारी मी गावांची आणि सभासदांची नावं मराठीत भरत बसायचो. त्याची प्रत ठेवायला कोऱ्या फ्लॉप्या मागितल्या, तर उत्तर आलं की त्या हिशेबासाठी आहेत. मी पुन्हा भांडलो. भांडून मिळालं काहीच नाही.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळीच मला सभेच्या नोटिसा घेऊन ईट गावाला पाठवलं; मशीनवरची खूण कालची, डॉसवरच राहिली. एसटीनं जाऊन येईपर्यंत दुपार टळली. ऑफिसात आलो तर स्क्रीन काळी, आणि अण्णा खुर्ची सोडून बाजूला उभे.

फ्लॉपीवरून मशीन उठवलं आणि डिस्कचे भाग बघितले. एकच भाग होता, युनिक्सचा, आणि त्यावर खूण नव्हती.

“अण्णा, डॉसचा भाग कुठाय?”

“काढला.”

“काढला म्हणजे?”

“माझ्या बारीला तुमचं दार लावाय नको? दोन्हीकडं वाट उघडी राहिली तर कुणाच्याच वाफ्यात पाणी जात न्हाय. म्हणून तुमचा पाट तेवढा मोडला. तुमच्या बारीला तुम्ही परत पाडलाच असता की.”

“त्यात माझी सगळी नावं होती!”

“पाट मोडल्यानं विहिरीतलं पाणी जातंय व्हय, लेका?”

मी ओरडलो. काय बोललो ते आता आठवत नाही. शेवटी अण्णांनी एवढंच विचारलं, “मग आता ती नावं परत काढता येत न्हाईत?” मी नाही म्हणालो. युनिक्सवर खूण केली. त्यांचा हिशेब आला, आणि ते खाली मान घालून बसले.

दुसऱ्या दिवशी सभेत चेअरमन साहेबांनी विचारलं, “मराठी पावती?” मी उभा राहून तयार नाही म्हणालो. अण्णा उठायला लागले, तसा मी त्यांचा हात दाबला. विषय संपला. पुढचा विषय चाऱ्याचा होता.

त्यानंतर काही दिवस मी सकाळी दूध घेण्याच्या खिडकीशी उभा राहून विचारेल त्या बाईला पावती वाचून दाखवायचो. एका मावशीनं माझं सगळं ऐकून घेतलं आणि पावती परत हातात घेतली.

“सचिवबी असंच वाचून दावतोय,” ती म्हणाली. “तू खरं वाचतूस हे मला कसं कळावं?”

आणि ती रिकामी चरवी उचलून निघून गेली.