आई न्यायला आली

सिकंदराबादच्या स्टेशनावर मी तुम्हा सगळ्यांना निरोप दिला तेव्हा तुम्ही हसत होता. हैदराबादचं राज्य फुटलं, मराठवाडा मुंबई राज्याकडे गेला, आणि माझ्या कचेरीतले तुम्ही मराठी कारकून बायकापोरं, वळकट्या घेऊन मनमाडच्या गाडीत बसलात. "कथाकार, मागून येतोसच," म्हणालात. मी मान हलवली. मनात मात्र इथेच राहायचं ठरवून टाकलं होतं.

परभणीजवळच्या खेड्यातून मी इथे नोकरीला आलो आणि इथेच लेखक झालो. अफझलगंजच्या बाजारात नुसतं उभं राहिलं तरी गोष्टी सापडायच्या, निम्म्या दखनीत, निम्म्या मराठीत. शेवटच्या चार ओळींत सगळं उलटं करायचं ही माझी खासियत. मासिक हातात पडलं की लोक आधी माझं पान काढायचे. मुंबईत माझ्यासारखे छप्पन! तिथे मला कोण विचारणार होतं?

आईला हे समोर बसूनच सांगायला हवं होतं. तिला वाचता येत नाही. धाकटा भाऊ दत्तू तिला माझी गोष्ट वाचून दाखवायचा आणि शेवट राखून ठेवायचा. मग आई तो ओळखायची. दिसतंय त्याच्या बरोबर उलट सांगायची, की झालं. बहुतेक वेळा ते जमायचं, आणि मी जळफळायचो.

दिवाळीला गेलो आणि म्हणालो, "आई, मी आता परत येणार नाही. हैदराबादेतच राहणार."

ती चुलीपुढे हसली. "मला शिकवू नको लेकरा. तुझ्या गोष्टीत शेवटाला समदं उलटंच होतंय."

"ही गोष्ट नाही, आई."

"तू आधी असंच म्हणतूस."

शपथा घातल्या, चिडलो, काही उपयोग झाला नाही. तिने माझ्या खोलीला चुना लावून घेतला, गावभर सांगून ठेवलं. पुढच्या दिवाळीलाही तेच.

मग एका सकाळी अंबरपेठच्या आमच्या दारात आई ट्रंक घेऊन उभी. मागे दत्तू, मान खाली घालून. "तुला न्यायला आले," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिने दत्तूला एकट्याला परत पाठवलं. "तू हो फुडं. आम्ही मागून येतोत."

त्यालाही आता वर्षं झाली. लुगडी अजून ट्रंकेतच असतात. माझी मुलगी म्हणते, "आजी, कपडे अलमारी में रख लो ना." आई म्हणते, "कशाला गं? जायचंच की." शेजारची तेलुगू बाई काही विचारते, ती नुसती मान डोलावते. दिवसभर तिच्याशी बोलायला माणूस नाही.

लिहितो अजून, पण शेवट उलटा करायला हात धजत नाही. गोष्ट सरळच संपते. संपादक साभार परत करतात, आणि त्यांचं चुकत नाही.

तुम्ही विचारता, घराची आठवण येते का. गावातल्या खोलीत दत्तू आता बियाणं ठेवतो. माझं घर रोज सकाळी इथल्या उंबऱ्यावर पदर खोचून बसतं आणि मला कामावर जाताना सांगतं, "आज सायबाला सांगून ये बाबा, गावाकडं निघालाव म्हणून."

मी हो म्हणतो. हे मात्र ती लगेच खरं मानते.