ओल्या दिवशी हवा कमी

गाडी माझ्या नावावर आहे. ती माझ्या पैशांनी घेतलेली नाही, पण कागदावर मालक मी. इथल्या लोहखनिजाच्या खाणी बंद झाल्यावर बाबांनी खनिज वाहणारा ट्रक विकला, आणि काही महिन्यांनी ही टर्बो डिझेल गाडी घेतली, कुणीतरी बरीच वर्षं वापरलेली. नोंदणीच्या वेळी ते म्हणाले, "माझ्या नावार नको. माझ्या नावार ट्रक होतो, तेचा काय झाला ता बघितलंस ना?" मी सही केली.

मुळगावात आमच्या घरासमोर ट्रक उभा राहायचा ती जागा अजून तशीच आहे. जमीन दाबली गेल्यामुळे तिथे धड गवतही उगवत नाही. ट्रक गेल्यावर बाबा घराच्या ओसरीतल्या सोप्यावर बसून त्या जागेकडे बघत राहायचे. पेपर मांडीवर असायचा, पण पान उलटलं जायचं नाही. आई जेवायला हाक मारायची तेव्हा उठायचे. गाडी आली आणि ते पुन्हा बाहेर पडू लागले. डिचोलीच्या बाजाराला, अस्नोड्याला, कुणाला दवाखान्यात पोचवायला, कधी उगाचच. गाडी चालवताना ते बोलतात. घरात दिवसभरात बोलणार नाहीत एवढं चाक हातात असलं की बोलतात. म्हणून ती गाडी चालू राहणं मला फार गरजेचं वाटत होतं. हे मी तेव्हा कुणाला नीट सांगू शकलो असतो असं वाटत नाही.

पावसाळा मध्यावर आला आणि गाडी चढावर मरायला लागली. बंद पडायची नाही, पण जोर जायचा. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायचा आणि कितीही दाबलं तरी ती गाढवासारखी हळूहळूच चालायची. बंद करून पुन्हा चालू केली की थोडा वेळ बरी. गॅरेजवाल्याने यंत्र लावून पाहिलं आणि म्हणाला की काहीतरी इलेक्ट्रॉनिक आहे, टर्बो बदलून बघावा लागेल, तरी खात्री देत नाही. बाबा घरी येऊन पुन्हा सोप्यावर बसले.

"चवथीपर्यंत बघूया," गणपतीचा हिशोब धरून ते म्हणाले. "मगे इकून टाकूया. म्हापशात एक घेणारो आसा."

मी कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकत होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे मिक्सर, शेजाऱ्यांचा टीव्ही, कुणाच्या मोबाइलचा चार्जर, सगळं माझ्यापुढे येऊन पडायचं. आम्हाला वर्गात रेझिस्टर आणि ट्रान्झिस्टर शिकवत होते. गाडीच्या इंजिनाला किती डिझेल द्यायचं आणि टर्बोने किती हवा कोंबायची हे ठरवणारी एक बंद पेटी बोनेटखाली असते, हे मला त्या गॅरेजमध्येच कळलं. तरी मी बोललो, "मी बघतो."

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता नाही म्हणतील. "गाडयेचो मेंदू बिघडलो तर?" त्यांनी विचारलं.

"नाही बिघडणार," मी म्हणालो. मला खरं तर काहीच माहीत नव्हतं.

स्टिअरिंगखालच्या जागेत जोडायची एक केबल मी मागवली. लॅपटॉप एका मित्राचा जुना. इंटरनेटवर गाड्यांचं वेड असलेले लोक एकमेकांना उत्तरं देत असतात, तिथे मी वाचायला लागलो. ते इंग्रजी माझ्या पुस्तकातल्या इंग्रजीसारखं नव्हतं. प्रत्येक वाक्य मी तीनदा वाचायचो आणि चौथ्यांदा वाचताना पहिला अर्थ चुकला असं वाटायचं. हळूहळू एवढं समजलं की पेटीत आकड्यांचे तक्ते असतात. त्यांना मॅप म्हणतात. इतकी हवा आत आली तर इतकंच डिझेल द्यायचं, नाहीतर धूर होईल, असा एक तक्ता. हवा किती आली हे एक सेन्सर मोजतो. अपेक्षेपेक्षा हवा फारच कमी दिसली की पेटी घाबरते आणि इंजिनाचा जोर काढून घेते. आमची गाडी चढावर मरत होती ती याच भीतीने.

गाडी चालू असताना मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचो आणि आकडे साठवायचो. बाबा चालवायचे, मी बघायचो. हवा कमी येत होती, हे स्पष्ट होतं. का येत होती ते मात्र कळत नव्हतं. मी एअर फिल्टर काढून पाहिला. इतका स्वच्छ की जणू काल घातला. सेन्सर पुसला. टर्बोच्या नळ्या चाचपल्या, कुठे फुटलेल्या नव्हत्या. इंटरनेटवर एका अनोळखी माणसाला आकडे पाठवले, तर त्याने उत्तर दिलं की तुझ्या इंजिनाला श्वास घेता येत नाही. मी त्याचा अर्थ टर्बो थकला असा लावला.

मग मी ठरवलं की हवा कमी आहे तर कमी हवेतच जास्त डिझेल देऊ. धूर रोखणाऱ्या तक्त्यातले आकडे वाढवायचे. बाबांना सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदाच खूश झाले. ट्रकवर ते हेच करायचे. खाणीवरचे सगळे करायचे. पंपाचा स्क्रू फिरवायचा, डिझेल वाढवायचं, मागून काळा धूर आला की समजायचं गाडी आता भरलेला माल ओढणार. "म्हणजे तुझो लॅपटॉप स्क्रूच फिरवता," ते म्हणाले. मी हो म्हणालो. मलाही ते तसंच वाटलं होतं.

पेटीत नवे आकडे लिहिताना वीज कमी पडली तर पेटी कायमची मरते, असं वाचलं होतं. बाबांनी ट्रक विकताना जुनी बॅटरी काढून ठेवली होती, ती उचलून आणली आणि गाडीच्या बॅटरीला जोडली. दुपार होती, आई तांदूळ निवडत होती. पडद्यावर हिरवी पट्टी सरकत होती आणि मी श्वाससुद्धा हळू घेत होतो. मध्येच ती थांबली. बाबांनी खिडकीतून डोकं आत घातलं.

"मेली?"

"थांबा."

"मेली तर सांग. लपव नको."

"बाबा, थांबा ना!"

पट्टी सरकली. गाडी चालू झाली. आम्ही डिचोलीकडच्या चढावर नेली आणि मागून इतका काळा धूर निघाला की स्कूटरवाल्याने शिवी दिली. बाबा आरशात बघून हसत होते. "हां बघ! आता वढतली." दोन-तीन दिवस कोरडं ऊन पडलं होतं आणि गाडी खरंच चढली. मला वाटलं, मी शिकलो.

चार सरी आल्या आणि ती पुन्हा मेली. तोच मॅप, तोच चढ, आणि हवा आधीपेक्षाही कमी.

त्यानंतरचे दिवस मला नीट आठवत नाहीत, कारण मला तेव्हाही काही नीट कळत नव्हतं. मी आकडे बदलायचो आणि परत आणायचो. कोरड्या दिवशी जे बरोबर वाटायचं ते ओल्या दिवशी चूक ठरायचं. मला वाटलं पाणी कुठल्यातरी वायरीत जातंय, म्हणून सगळे प्लग उघडून वाळवले. मग वाटलं दमट हवेचं काही गणित असेल, तर भौतिकशास्त्राच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, फरक पडतो पण इतका नाही. माझं लॅपटॉपवरचं काम बघून बाबा आता काही विचारत नव्हते. ते गाडीही कमी काढायला लागले होते. एका संध्याकाळी मी कॉलेजातून आलो तर ते सोप्यावर होते, पेपर मांडीवर, आणि फोनवर म्हापशाच्या त्या माणसाला सांगत होते, "चवथीनंतर ये आणि बघ."

चवथीच्या आधी आम्ही कोरगावला आईच्या माहेरी जातो. गणपतीच्या डोक्यावर जी माटोळी बांधतात तिला लागणारी रानफळं मामा डोंगरातून काढून ठेवतो. त्याआधीच्या रविवारी सकाळी मी एकटाच गाडी घेऊन निघालो, शेवटचं बघायचं म्हणून. रात्रभर पाऊस झाला होता, रस्ता ओला होता. आणि गाडी उडाली. खरंच, मला तोच शब्द सुचतो. चढावर मी पाय उचलला, भीतीने. शेजारच्या सीटवरच्या लॅपटॉपवर आकडे बघितले तर हवा भरपूर, वाचलं होतं त्याहून जरा जास्तच. मी काहीही बदललेलं नव्हतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण मला रडूच यायला लागलं. ज्या गोष्टीचं कारण कळत नाही ती सुधारली तरी आपली नसते.

घरी आलो. आई मागच्या पडवीत दोरीवर कपडे टाकत होती. बाबांची लुंगी, माझा शर्ट, आणि त्यांच्यामध्ये जुन्या लुगड्याचा एक जाड, दुहेरी शिवलेला तुकडा. त्याच्या मधोमध गोल काळा डाग होता, कढईच्या बुडासारखा.

"हे काय?"

"ह्यो? तुझ्या बाबांचो गाडयेचो फडको."

"गाडी पुसायचा?"

"पुसूचो न्हय रे. गाडयेच्या नाकाक बांधतत तो. आठवड्यान एकदा धुवक टाकतत."

मी तिथेच उभा राहिलो. मग गाडीकडे गेलो, समोरच्या जाळीमागचं प्लास्टिकचं झाकण काढलं. इंजिन जिथून हवा ओढतं त्या नळीचं तोंड तिथे होतं. मी फिल्टर पाहिला होता, सेन्सर पाहिला होता, नळ्या पाहिल्या होत्या. एवढं एक झाकण मी उघडलं नव्हतं, कारण त्यामागे काही इलेक्ट्रॉनिक नव्हतं. तोंडाभोवती टायरच्या ट्यूबमधून कापलेलं एक रबर सैल लटकत होतं.

खाणीच्या रस्त्यावर लाल धूळ इतकी उडायची की दिवसाही दिवे लावून ट्रक चालवायचे. फिल्टर महिनाभरही टिकायचा नाही. म्हणून सगळे ड्रायव्हर नळीच्या तोंडाला फडका बांधायचे. बाबांनी गाडी घेतली त्याच आठवड्यात हिलाही बांधला असणार. उन्हाळ्यात सुकलेल्या कापडातून हवा जात होती. पावसाळ्यात ते भिजून फुगायचं आणि गाडीचा गळा आवळायचं. आणि मी महिनाभर त्या भिजलेल्या लुगड्याचं गणित मांडत होतो.

आता हे बाबांना सांगायचं होतं. मला ते लपवावंसं वाटलं. मॅप बसला, असं म्हणता आलं असतं, आणि रोज पहाटे फडका काढून टाकता आला असता. पण मी घरी नसताना त्यांनी दुसरा बांधला असता. मी दोरीवरचा फडका घेतला आणि सोप्यावर गेलो.

"बाबा, हा बांधल्यामुळे गाडी मरत होती."

त्यांनी आधी फडक्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "वीस वर्सां बांधलंय मी. एक इंजिन जावक नाय माझा."

"ट्रकला सेन्सर नव्हता. हिला आहे. हवा कमी दिसली की ही घाबरते."

"आणि धूळ आत गेली तर?"

मी फडका त्यांच्यापुढे धरला. त्यांनी फडका हातात घेतला, पसरला, त्या गोल डागावर अंगठा फिरवला. मग उलटा करून पाहिला. मला वाटलं, झालं, आता हे इथून उठणार नाहीत.

"तांबडो नाय," ते म्हणाले.

"काय?"

"डाग. काळो आसा. धुरळ्याचो तांबडो डाग धुवन कधी जायत नाय. ह्यो तांबडो झालोच नाय." मग थोडं थांबून, जणू मीच ते विसरलो होतो अशा आवाजात, "खाणी खंय आसत आता धूळ उडवक."

त्यांनी फडक्याची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि आत गेले. मला काहीच समजेना. त्यांना वाईट वाटलं का, राग आला का. परत आले ते शर्ट घालून.

"चावी खंय आसा?"

"आधी मॅप जुना घालायला हवा. नाहीतर धूर फार होईल."

"मगे घाल. ती बॅटरी हाडू?"

मी पेटीत पुन्हा पहिलेच आकडे लिहिले, गाडी आली तेव्हा होते तेच. एवढे दिवस शिकून मी गाडी जिथे होती तिथेच आणून ठेवली होती. मी काय शिकलो असं कुणी विचारलं तर मला अजून सांगता येत नाही. काहीतरी शिकलो एवढं मात्र वाटतं, कारण हिरवी पट्टी सरकत असताना या वेळी मी बाबांशी बोलत होतो.

चवथीच्या आदल्या आठवड्यात आम्ही कोरगावला गेलो. येताना मागे माटोळीची फळं, नारळ, केळीचा घड, आणि मांडीवर आईने धरलेली कसलीतरी पानांची मोळी. गाडी भरली होती आणि पाऊस लागला होता. मोठा चढ आला तसा मी आकडे बघायला लॅपटॉप उघडला. बाबा आरशात बघत होते.

"धूर दिसत नाय," ते म्हणाले.

"नसतो आता."

"मगे वढता कशी?" त्यांना ते पटत नव्हतं, पण गाडी ओढत होती. ते मला एका जुन्या चढाची गोष्ट सांगायला लागले, जिथे त्यांच्यापुढचा ट्रक मागे घसरला होता, आणि आई म्हणाली ही गोष्ट तिने शंभरदा ऐकली आहे. मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

मध्येच त्यांचा फोन वाजला. माझ्या बाजूला ठेवला होता. म्हापशाचा तो माणूस. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी रस्त्यावरून नजर न काढता हनुवटीने खूण केली.

"उचल. तेका सांग, गाडी घराकडे नाय."

"मग कधी आहे म्हणून विचारेल."

"सांग, चढावर आसा," ते म्हणाले, आणि गियर बदलून गोष्ट पुढे सांगू लागले.