पॉम्पेईतले पाध्येकाका

पाध्येकाका कुणाच्याही घरी गेले की उंबऱ्याबाहेर बूट काढायचे आणि "आहे का कोणी?" असं विचारूनच आत यायचे. सिंगापूरच्या मरीन परेडला आमची दारं समोरासमोर. मी दार उघडून समोर उभा असलो तरी विचारायचे. मीही "आहे" म्हणायचो.

काकू गेल्यावर सिडनीहून त्यांच्या मिलिंदचा मला फोन आला. बाबांना इकडे यायला तयार करा, तुमचं ऐकतात ते. मी हो म्हटलं. सौ.ने बजावलं, काकांना जाऊ द्यायचं नाही. तिलाही हो म्हटलं. मग २०१५ साली इटलीच्या सहलीला त्यांना बरोबर नेलं, ते कुणाच्या बाजूने, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. विषय काढला की काका म्हणायचे, "माणसं गेली म्हणून घर परकं होत नाही हो."

पॉम्पेईत पहिल्याच घरापाशी त्यांनी बूट काढले. घराला छप्पर नव्हतं, राहणारे दोनेक हजार वर्षांपूर्वी ज्वालामुखीत गेलेले. तरी काकांनी विचारलं, "आहे का कोणी?"

"अंकल, नोबडी होम लाह," आमची मुलगी ईशा तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"म्हणून बूट घालून शिरायचं लोकांच्या घरात?"

मी एक बूट काढला. दुसरा काढावा की नाही, ते ठरेना. तो एक हातात धरून लंगडत आत गेलो.

चूल, अंगण, हौद बघत मागच्या दाराने बाहेर पडलो ते भलत्याच गल्लीत. प्रत्येक गल्ली तशीच, प्रत्येक उंबरा तसाच. बस चारला सुटणार होती आणि नकाशा माझ्याकडे होता, त्यामुळे एका विहिरीपाशी आम्ही तीनदा पोचलो. काकांचे बूट पहिल्याच उंबऱ्याबाहेर राहिले होते, ते मोज्यांवर तापलेल्या दगडांवरून चालत होते. आधी दर दारात विचारत होते, नंतर नुसतेच डोकावू लागले. शेवटी एका पायरीवर बसले.

"एवढी घरं, आणि विचारायला एक माणूस नाही," ते म्हणाले. "माझ्याकडे तरी काय वेगळं आहे? रोज संध्याकाळी कुलूप काढून विचारतो."

दोन्ही बाजूंची उत्तरं मी पाठ करून आलो होतो. मी नकाशाची घडी घातली.

"मिलिंदला मेसेज करा," काका पाय चोळत म्हणाले. "म्हणावं, येतोय. नऊ नंबरचे बूट घेऊन ठेव."

दोन महिन्यांनी काका सिडनीला गेले. मिलिंद अजून माझे आभार मानतो, सौ. अजून मलाच बोल लावते. तो मेसेज मी बसमध्ये, काकांनी "केला का मेसेज?" असं तिसऱ्यांदा विचारल्यावर पाठवला होता, हे मात्र दोघांपैकी कुणालाच सांगितलेलं नाही.